बेल न वाजलेली गाडी

२ मार्च

बुरशी! दादाच्या डोक्यात बुरशी!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. भिंतीला येते, पावाला येते, कोपऱ्यात पडलेल्या बुटाला येते — पण माणसाच्या मेंदूला? वहिनी माझ्याकडे बघायला लागली, जणू मी काही समजावून सांगणार आहे. मी काय सांगणार! पडदे शिवणारी बाई मी.

थंडीपासून दादाचं डोकं दुखत होतं. आधी चष्मा बदलला. मग सायनस आहे म्हणाले. मग टेन्शन म्हणाले. आणि मागच्या आठवड्यात डेपोत बस लावताना तोंड वाकडं झालं, हातपाय झाडायला लागला. कंडक्टरने धावत जाऊन हँडब्रेक ओढला. गाडी रिकामी होती हे नशीब. डेपोतल्या साहेबांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "प्यायलाय का?" माझा दादा! खोकल्याच्या औषधाचासुद्धा वास घेऊन बाटली परत ठेवणारा माणूस!

इथे हॉस्पिटलातही तेच. साखर तपासली — नाही. कुठली जुनी औषधं चालू आहेत का — नाही. मग वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यांचे बाहेर काही संबंध?" ती तपासणीही केली. काही निघालं नाही. पण प्रश्न विचारून झाला होता ना. 

६ मार्च

औषध सलाइनमधून जातं. बाटलीला उजेड चालत नाही म्हणून नर्स तिला खाकी कागदात गुंडाळते. तासाभराने दादा थरथरायला लागतो. साधं थरथरणं नाही — पलंग खडखड वाजतो, दात वाजतात, वर तीन ब्लँकेटं टाकली तरी थांबत नाही. मी त्याचे पाय धरून बसते. त्यातही म्हणतो कसा, "टाचणी, रस्ता लई खराब आहे गं. खड्डे चुकवायला जागाच नाही."

टाचणी म्हणजे मी. लहानपणापासून. काडीसारखी होते आणि टोचायचे म्हणून. आता काडीसारखी राहिले नाही, पण नाव राहिलं. दादा सगळ्यांना नावं ठेवतो. डॉक्टरीणबाईंना तर त्याने पहिल्याच दिवशी 'बुरशीबाई' करून टाकलं. त्यांच्या कानावर गेलं. हसल्या. म्हणाल्या, "बरोबरच आहे, आयुष्यभर तेच केलंय."

१३ मार्च

दुकान उघडलं. उघडायलाच हवं होतं. एका बाईंना झोपण्याच्या खोलीसाठी जाड पडदे हवेत, काळ्या अस्तराचे — "दिवसासुद्धा रात्र वाटली पाहिजे." मापं घ्यायला गेले. चांगली खोली, पूर्वेची खिडकी, भरपूर ऊन. तेच नको आहे! शिडीवर उभी राहून टेप धरला आणि आकडाच डोक्यात शिरेना. दोनदा मोजलं. बाई म्हणाल्या, "बरं नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, "झोप झाली नाही." "अहो मग तुम्हीच शिवून घ्या असे पडदे!" चांगल्या आहेत बाई. मला हसू आलं नाही एवढंच.

२० मार्च

पुन्हा स्कॅन केला. मेंदूतला बुरशीचा डाग तेवढाच आहे. लहान नाही, मोठा नाही. आई विचारते, "मग चांगलंच ना?" काय सांगू?

२८ मार्च

आज कारण कळलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी दादाचं रक्त बाहेर पाठवलं होतं, आमच्या घराण्यातच काही आहे का बघायला. रिपोर्ट आला. आम्हा तिघांना — दादा, वहिनी, मी — समोर बसवून त्यांनी कागदावर एक गोल काढला. म्हणाल्या, ही रक्तातली शिपाई पेशी. बुरशी अंगात सगळ्यांच्याच असते — तोंडात, पोटात, कातडीवर. ती मर्यादेबाहेर गेली की ही पेशी तिला बाहेरून चाचपते, ओळखते. मग 'शत्रू आलाय' हा निरोप पेशीच्या आत जावा लागतो. तो नेणारं एक प्रथिन असतं. तो निरोप पोचला की पेशी आणखी प्रथिनं बाहेर सोडते, ती बाकीच्या फौजेला हाका मारतात — इकडे या, इकडे या. "ह्यांच्यात तो पहिला निरोप नेणाराच नाही. जन्मापासून नाही. फौज धडधाकट आहे, पण तिला कुणी बोलावतच नाही. म्हणून बाकी सर्दी-तापाला हे खंबीर — आणि एका साध्या बुरशीपुढे..." 

दादाने तो कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाला, "समजलं. गाडी ठणठणीत आहे. ड्रायव्हर सीटवर आहे. पण कंडक्टर बेलच मारत नाही. बेल मिळाल्याशिवाय गाडी कशी काढणार?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ह्याच्यापेक्षा सोपं मलाही सांगता आलं नसतं."

दादा खूश! परीक्षेत पहिला आल्यासारखा. वहिनी मात्र विचारत होती, "जन्मापासून होतं तर एवढी वर्षं कुठे होतं?"  काहींना लहानपणीच होतं म्हणे, काहींना चाळिशीत, काहींना कधीच नाही. आईकडून एक खराब प्रत, बाबांकडून एक. एकेक असली तर काही होत नाही, दोन्ही आल्या तर हे. बाबा तर गेले, त्यांना कळलंही नाही. आईला मी एवढंच सांगितलं, "रक्तात काहीतरी कमी आहे." ती लगेच म्हणाली, "मग मी त्याला बीट खायला घालते."

४ एप्रिल

नवीन इंजेक्शन सुरू. शिपाई पेशी हाक मारायला जी प्रथिनं सोडते, त्यातलंच एक, कारखान्यात बनवलेलं. रोज पोटावर टोचायचं. दादा म्हणतो, "बेल मारायला बाहेरून माणूस आणलाय. रोजंदारीवर."

१९ एप्रिल

ताप नाही! पाच दिवस झाले! आज तो आपल्या पायाने बाथरूमपर्यंत गेला. भिंतीला धरून, पण गेला. वहिनीने त्याची दाढी केली. इतक्या दिवसांनी तिला गुणगुणताना ऐकलं. कंडक्टर भेटायला आला — बारा वर्षं दोघं एकाच गाडीवर. त्याच्याकडे बघून दादा ओरडला, "हाच तो! बेल न मारणारा!" तो बिचारा गोंधळला. "मी काय केलं रे?" मग समजावून सांगितल्यावर एवढा हसला की नर्सने येऊन दटावलं. जाताना जिन्यात मात्र मला म्हणाला, "ताई, वजन निम्मं झालंय ओ." डोळे पुसत गेला.

३ मे

स्कॅन. जुना डाग थोडा आकसलाय. पण बाजूला नवीन आलेत. दोन.

वहिनीने रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला. पर्स उघडून पुन्हा काढला. पुन्हा ठेवला.

५ मे

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक प्रथिन बाहेरून देऊन भागत नाहीये. आत अशा कितीतरी हाका जायला हव्यात, आणि मेंदूत तर फौज मुळात पोचतच नाही. औषध बुरशीला दाबून ठेवतं, मारायचं काम फौजेचंच. म्हणजे फौजच बदलायची — दुसऱ्याचा बोन मॅरो घालायचा. नव्या मॅरोतून नवे शिपाई, त्यांच्यात निरोप नेणारा असेल. धोका मोठा. फार थोड्या लोकांवर केलंय. पण दुसरा रस्ता नाही.

सगळ्यात आधी सख्खी भावंडं तपासतात. सख्खं भावंड एकच — मी.

मी शर्टाची बाही तिथेच वर केली. त्या म्हणाल्या, "अहो थांबा, सही तरी करा."

११ मे

बोलताना दादाचे शब्द हरवतात. "ते दे" म्हणतो. ते म्हणजे काय? हाताने दाखवतो. पाणी. 'पाणी' शब्द सापडला नाही त्याला. मग हसतो. हसणं अजून हरवलेलं नाही.

१७ मे

जुळलं! जुळलं! जुळलं!

मॅरो जुळवायच्या दहाच्या दहा खुणा! वॉर्डातल्या मुख्य नर्सनेच सांगितलं, मी आणि वहिनी दोघी समोर होतो. "असं चारांत एखाद्यालाच जुळतं," म्हणाली. वहिनीने मला भर व्हरांड्यात मिठी मारली. मी तिच्या खांद्यावर रडले की ती माझ्या, आठवत नाही. घरी येऊन आईला सांगितलं. आईने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. म्हणाली, "एक तरी लेकरू माझं धडधाकट आहे, याच आधारावर मी उभी आहे बाई. तुझ्यातलं त्याला दे."

दादाला सांगितलं तर कष्टाने एकेक शब्द जुळवत म्हणाला, "आता... मी पण... टोचणार."

अजून एक तपासणी बाकी आहे म्हणे. नेहमीचीच.

२६ मे

डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बोलावलं. दार लावून घेतलं. दार लावलं तेव्हाच कळायला हवं होतं.

माझ्यातही नाही.

निरोप नेणारं ते प्रथिन. माझ्यातही दोन्ही प्रती खराब. दादाच्या आहेत तशाच, तंतोतंत. मॅरो जुळणं वेगळं, हे वेगळं, दोन्ही एकत्र येतीलच असं नसतं, म्हणाल्या. पण आली. माझा मॅरो त्याला दिला तर तीच फौज, तीच न वाजणारी बेल. उपयोग शून्य. हातातोंडाशी आलेला घास असा कधी गेला नव्हता.

मी विचारलं, "दुसरं कोणी?" परक्या लोकांच्या यादीत शोध लावलाय. महिने लागतात. महिने त्याच्याकडे आहेत का?  डॉक्टरीणबाईंच्या खोलीचा पडदा एका बाजूने हुकातून निसटलाय. मी उठून तो लावला. का लावला कोण जाणे.

मग त्या माझ्याबद्दल बोलायला लागल्या. स्कॅन करू. गोळी सुरू करू. दर तीन महिन्यांनी या. कदाचित कधीच काही होणार नाही... मी ऐकत होते पण माझ्या कानात आईचं वाक्य होतं. एक तरी लेकरू.

म्हटलं, "हे कुणाला सांगायचं नाही." त्या म्हणाल्या, "तुमचा रिपोर्ट तुमचा आहे. मी कुणालाही सांगणार नाही. पण तुम्ही सांगा." नाही! आई जागच्या जागी कोसळेल. आणि दादा — त्याला कळलं की टाचणीच्याही डोक्यात हे वाढू शकतं, तर तो आत्ताच हात टेकेल.

२७ मे

वहिनीला सांगितलं, "चालणार नाही म्हणाले."

"दहाच्या दहा जुळलं होतं ना?"

"दुसऱ्या तपासणीत बसलं नाही."

"कसली दुसरी तपासणी?"

"मला नीट समजलं नाही, वहिनी."

 मला खोटं बोलता येत नाही हे तिला बारा वर्षं माहीत आहे.

३० मे

वहिनी स्वतः डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. त्यांनी सांगितलं, "कारण मी सांगू शकत नाही. त्यांनाच विचारा." त्यांनी शब्द पाळला — आणि माझा गळा कापला गेला. आता वहिनीच्या मनात एकच. मी घाबरले. ऐन वेळी पाय मागे घेतला.

तिने विचारलं नाही, ओरडलीही नाही. संध्याकाळी जिन्यात समोरासमोर आलो तर भिंतीला चिकटून उभी राहिली, मला जाऊ दिलं. जसं परक्या माणसाला जाऊ देतात तसं.

६ जून

वहिनी वरच्या मजल्यावर, मी आणि आई खाली. पूर्वी दिवसातून दहा वेळा जिना वाजायचा. आता ती आली की माझी खोली टाळून थेट आईकडे. आई विचारते, "तुमचं काही बिनसलंय का?" दोघी एकदम म्हणतो, "नाही."

कंडक्टरही दुकानात येऊन गेला. खुर्चीवर बसला नाही. "ताई, लहान तोंडी मोठा घास घेतोय. सुईची भीती सगळ्यांनाच वाटते. पण भूल देतात म्हणे. कळतसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल तर मी येतो सोबत." मी मान खाली घालून दुमड घालत राहिले. तो वाट बघून गेला. दुमड सगळी वाकडी आली. उसवावी लागली.

१५ जून

दुसऱ्या एका औषधाने दादाला सगळं हिरवं दिसतं. भिंती हिरव्या, चादर हिरवी. आई उशाशी बसली होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "झाड."

आई हसली. बाहेर येऊन पदर तोंडात कोंबला.

२२ जून

आज हे लिहायचं नव्हतं.

दुपारी त्याच्याजवळ मी एकटीच होते. उजवा हात आता हलत नाही. डाव्या हाताने त्याने माझं मनगट धरलं. शब्द यायला फार वेळ लागला. मध्येच चुकीचे यायचे, मग डोळे मिटून पुन्हा शोधायचा.

"घाबरलीस?"

मी दुसऱ्या हाताने त्याची चादर सारखी केली.

"बरं केलंस." पुन्हा डोळे मिटले. "सुया... मलाच पुरे. तुझी... वहिनी... रागावते. तू... नको. मी... नाही रागावलो."

माफ केलं मला. न केलेल्या गोष्टीसाठी. तोंडापर्यंत आलं होतं — दादा, मी घाबरले नाही रे, माझ्यातपण नाहीये ते, आपण दोघं एकाच कापडाचे आहोत! सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं की वाईट? मी ती माफी घेतली. म्हटलं, "हो दादा. घाबरले." त्याने माझं मनगट थोपटलं. समाधान झालं त्याचं. झोपला.

२८ जून

यादीत कुणी सापडलं नाही. सापडलं असतं तरी आता झेपणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इंजेक्शन बंद केलं नाही. विचारलं, कशासाठी? "थांबवायला मलाच धीर होत नाही," म्हणाल्या. डॉक्टर असं बोलतात हे मला माहीत नव्हतं.

४ जुलै

ओळखत नाही.

९ जुलै

दादा गेला. सकाळी. डोक्यात पाणी साठत गेलं, मग श्वास लांब लांब होत गेले. आई एका बाजूला, वहिनी दुसऱ्या. मी पायाशी होते. पहिल्या दिवसापासून माझी जागा तीच.

१४ जुलै

डेपोतल्या लोकांनी त्याची गाडी धुऊन घरासमोरून नेली. कंडक्टर दारात उभा होता. आई खिडकीत. वहिनी बाहेर आलीच नाही.

२१ जुलै

हॉस्पिटलातून फोन आला. माझा स्कॅन राहिलाय. उद्या येते म्हटलं.

३ ऑगस्ट

गेले नाही. पुन्हा फोन आला. त्याच लिफ्टने वर जायचं, त्याच बाकावर बसायचं, त्याच बाईंसमोर. आणि बघायचं काय? डाग असला तर शेवट पाठ आहे. नसला तर पुढच्या तीन महिन्यांनी पुन्हा तेच. आईला काय सांगून बाहेर पडू? गोळ्यांचं पाकीट धाग्यांच्या डब्यात आहे. न उघडलेलं. रोज डबा उघडते, निळा धागा काढते, डबा बंद करते.

११ ऑगस्ट

आईने आज कपडे वाळत घालताना म्हटलं, "तू आहेस म्हणून बरं."

१२ ऑगस्ट

काही नाही. सहा पडदे, अस्तर लावून.

१९ ऑगस्ट

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी वहिनी दुकानात आली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. त्याची उरलेली इंजेक्शनं परत करायला ती कालच इथे आली होती. खिडकीवरच्या बाईंनी आडनाव बघून विचारलं, "ह्यासुद्धा तुमच्या घरच्याच ना? बुरशीच्या ओपीडीत दोनदा बोलावलं, येतच नाहीत. सांगा त्यांना."

वहिनी दारातच उभी होती. मी चुण्या घालत राहिले, हात आपोआप चालत होता.

"तुझ्यातही?" तिने विचारलं.

"हो."

"त्यांना सांगितलं होतंस?"

"नाही."

"त्यांना वाटत राहिलं की तू—" ती भिंतीला टेकली. मग आत येऊन तिने मशीनची पिन काढली, माझ्या हातातलं कापड घेऊन घडी केली. शटर तिनेच ओढलं. टॅक्सी बाहेर थांबवून ठेवली होती. वाटभर तिने फक्त माझं मनगट धरून ठेवलं होतं.

आता ती खिडकीशी उभी आहे. भांडतेय, आजच स्कॅन झाला पाहिजे म्हणून. खिडकीवरच्या बाई विचारतायत, पेशंट तुमची कोण. मला वाटलं नणंद म्हणेल.

"बहीण," म्हणाली.